बाथरूममधल्या गाण्याचे शब्द

“पाहायचं, ऐकायचं, लिहायचं. कोणाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही.” आमच्या गाईड मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली. हेवी मेटल संगीताच्या अभ्यासात घरच्या भानगडी कुठून येणार, असं मला वाटलं होतं. माझी तयारी होती ती फक्त कानठळ्यांची.

आमच्या विभागात प्रत्येकाकडे मेटलचा एकेक भाग आहे. एकाकडे काळे टी-शर्ट आणि त्यावरची न वाचता येणारी अक्षरं. आणखी एकाकडे ज्या देशांत या संगीतावर बंदी आहे तिथले बँड. माझ्याकडे गळा. म्हणजे हे गायक खडी भरडल्यासारखा जो आवाज काढतात तो कसा निघतो आणि त्यातून ते काय म्हणतात, हा माझा विषय. माझा स्वतःचा आवाज पहिल्या बाकापुढे जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत विभागप्रमुखांनी दर उत्तराला “काय?” विचारलं, आणि शेवटी कंटाळून मला घेतलं.

मी ज्या बँडचा अभ्यास करते, तो गाद्यांच्या गोदामात सराव करतो. गोदाम ड्रम वाजवणाऱ्याचं आहे, म्हणून तो गादीवाला. भिंतींना गाद्या टेकवलेल्या असल्याने आवाज बाहेर जात नाही. सराव ऐकायला आलेली काही माणसं परतताना गादी घेऊन गेली आहेत. गायकाला सगळे ‘घसा’ म्हणतात. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि माझ्याहून हळू बोलतो. आमच्या पहिल्या मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा फार स्पष्ट आला आहे.

त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं लांबलचक आहे. त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं. गायकाला शब्द विचारायचे नाहीत, ऐकणाऱ्याला जे ऐकू येतं तेच प्रमाण, अशी आमच्या शाखेची पद्धत आहे. मी मन लावून ऐकलं, आणि मला त्यात बापाच्या सत्तेविरुद्धचं बंड ऐकू आलं. गाईड मॅडम खूश झाल्या. प्रकरण एका जाडजूड पुस्तकासाठी निवडलंही गेलं.

मग घरचा रियाज पाहायचा म्हणून मी सकाळी घशाकडे गेले. दार त्याच्या आईंनी उघडलं. तो बाथरूममध्ये होता. नळ सोडलेला, आणि पाण्याच्या आवाजाखालून तो दुसरा आवाज. कोपऱ्यात देवासमोर आसन घातलेलं होतं, दिवा मात्र लावलेला नव्हता. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

“तुमचं झालं का सकाळचं?” त्यांनी विचारलं.

“हो, जप झाल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.”

“नशीबवान आहात.” त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. “माझा बंद आहे. हे गेल्यापासून.”

“का हो, काकू?”

“तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सांगते. ह्याचे बाबा आणि हा, दोघांचं बोलणं नव्हतं. बाबांनी ह्याचा तो मोठा स्पीकर जिन्यात नेऊन ठेवला होता, सगळ्या बिऱ्हाडांसमोर. ह्याने तेव्हा ब्र काढला नाही. आणि ते गेले, त्याच आठवड्यात हे सुरू झालं.” त्यांनी बाथरूमच्या दिशेने हनुवटी उडवली. “रोज, माझ्या जपाच्याच वेळेला. ऐका ना. हा शिव्या घालतोय त्यांना.”

“असं कशावरून?”

“हा आवाज कोणी प्रेमाने काढेल का? मी इथे नाव घेणार आणि पलीकडे माझ्या गेलेल्या माणसाला शिव्याशाप. देवाला दोन्ही एकदमच ऐकू जात असणार ना? मी गप्प बसले, तर निदान माझ्या तोंडचं त्यात मिसळणार तरी नाही.”

मी त्यांनी पुढे केलेला चहा घेतला.

“तुम्ही म्हणे ह्या गाण्यावर लिहिलंय. तो सांगत होता. काय म्हणतो हो तो?”

माझ्या पिशवीतच ते प्रकरण होतं. बापाच्या सत्तेविरुद्धचं बंड, आणि खाली भरपूर तळटिपा.

“त्यालाच का नाही विचारत?”

“धीर होत नाही. ‘हो’ म्हणाला तर?”

“मी विचारते,” मी म्हणाले, “आणि जे असेल ते तुम्हाला येऊन सांगते.”

“वाईट असलं तरी?”

“तरी.”

त्यांनी माझा हात दाबला. गायकाला शब्द न विचारण्याची शाखेची पद्धत मला आठवली, पण तोवर बोलून झालं होतं.

संध्याकाळी मी गोदामात गेले. घसा वायर गुंडाळत होता. त्याला म्हटलं, “त्या लांबलचक गाण्याचे शब्द सांगता का?”

“शब्द?” तो म्हणाला. “त्याला शब्द नाहीत.”

गादीवाला ड्रममागून उठूनच उभा राहिला. “अरे, मॅडमनी त्यावर धडा लिहिलाय! वाचलास ना तू?”

“वाचला. छान होता.” घसा माझ्याकडे वळला. “मला वाटलं, तुम्हाला येत असतील ऐकू.”

“मग बोलला का नाहीस, शहाण्या?”

“त्यांनी एवढं लिहिलेलं. मध्येच कसं तोंड घालायचं.”

गादीवाला मान हलवत चहा सांगायला गेला. मी एका गादीवर बसले. घसा वायर गुंडाळत राहिला.

“हॉस्पिटलात रात्री एकालाच राहू द्यायचे,” तो म्हणाला. “मी राहायचो. बाबांना बोलता येत नव्हतं. मला तर त्यांच्याशी बोलायची सवयच नव्हती. त्यांचा श्वास नुसता वाजायचा. आधी बारीक, मग खालून घासत वर यायचा, मध्येच थांबायचा. थांबला की मी उठून उभा राहायचो. ते गेल्यावर भेटायला माणसं आली. म्हणायची, काहीतरी बोल, मोकळा हो. मला काय बोलावं ते कळेना. बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि त्यांच्या श्वासाचा तो आवाज काढून पाहिला. तसाच निघाला.”

“तेच गाणं?”

“बाकीच्यांनी त्याला गिटार लावली. मी फक्त तेवढंच करतो. रोज काढतो, नाहीतर विसरेन.”

“आईंना हे माहीत नाही.”

“ती रात्रीची तिथे नव्हती ना. तिने तो ऐकलाच नाही.”

मग मी त्यांच्या बंद पडलेल्या जपाचं सांगितलं. घसा हातातली वायर तशीच धरून उभा राहिला. “मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून बसत नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही सांगता का त्यांना?”

“नाही जमणार मला. बाबांबद्दल तिच्याशी कधी बोललोच नाही. तुम्ही सांगा. सगळं सांगा, श्वासाचंसुद्धा.”

घरी आल्यावर गाईड मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“शब्दच नाहीत? मग हे तर आणखी छान. वेगळा निबंध होईल.”

“आणि ते प्रकरण? ते तर खोटं ठरलं.”

“खोटं कसं? तुला ऐकू आलं ना? छपाईला गेलंय ते. एक तळटीप टाक, गायकाचं मत वेगळं आहे म्हणून.”

“आईंना सांगायचं कबूल केलंय मी.”

“अजिबात नाही. तू सांगितलंस की घरातलं वातावरण बदलणार. मग अभ्यास कशाचा करशील? सहा महिने थांब, पुढच्या मुलाखती होऊ देत.”

सहा महिने एका बाईचं आसन रिकामं राहील, हे मॅडमच्या हिशेबात नव्हतं. “बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला. मग पुस्तकाच्या संपादकांना चार ओळी लिहिल्या, की प्रकरण मागे घेते आहे, कारण गाण्याला शब्द नाहीत. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्यात कोणत्या अर्थाने नाहीत, अशी विचारणा होती.

सकाळी रोजच्यापेक्षा लवकर उठून मी देवाचं उरकलं. घसा कामावर जाण्याआधी रियाज करतो, आणि तो सुरू होईल तेव्हा काकूंना ठाऊक असायला हवं होतं. नवऱ्याने अंथरुणातूनच विचारलं, “एवढ्या सकाळी कुठे?”

“एका काकूंकडे,” मी म्हणाले, आणि दार हळूच ओढून घेऊन जिना उतरू लागले.