चित्रावरचा हात

बाईंनी चित्रावर तळहात ठेवला आणि इतका वेळ घडाघडा वाचणारी पोर एकदम गप्प झाली.

"वाच ना गं," आई म्हणाली. "काल घरी तर एका दमात वाचलंस."

पोरीने पुस्तकाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. वर्ग सुटला होता. आई इस्पितळाच्या धुलाईघरातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. सोड्याने चिरा पडलेले हात तिने पदराखाली घेतले होते. निघताना मुकादम म्हणाला होता, "जा बाई, लेक बॅरिस्टर व्हायला आलीय, तिला कशाला अडवू?" धुलाईघरात हिच्या लेकीच्या वाचनाचं कौतुक ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

बाईंनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला?"

पोरीने वरून सुरुवात केली. "एका तळ्यात एक कासव राहत होतं..." तिचंही बोट ओळीवरून चाललं होतं. वाक्य संपलं, तरी बोट ओळीच्या मध्यावरच होतं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "हिला वाचता येत नाही. चित्र दिसलं की धडा आठवतो, तो म्हणते. अक्षर पाहिलं की त्याचा आवाज मनात उमटायला हवा, ते आवाज जुळून शब्द व्हायला हवा. हिचा तो सांधाच जुळलेला नाही. वर्ग एका सुरात ओरडतो, त्यात हिचा आवाज सगळ्यात खणखणीत. कोणाला कळणार?"

"मग तिसरीपर्यंत ढकललीत ती काय बघून?"

"मी यंदाच आलेय इथे."

"हो. शाळेत जो तो यंदाच आलेला असतो."

बाईंनी ते गिळलं. "सकाळी पहिलीच्या मुलांत बसवते तिला. तुमची ना नसेल तर."

"नाक कापलं जाईल हो बाई तिचं."

"आत्ता नाही बसवलं तर पुढे शाळाच सुटेल. आणि घरी रोज कुणीतरी शेजारी बसायला हवं. बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे गेलं की तिथेच थांबवायचं."

"मी बसतेच की रोज."

"मग तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

आईने पदर हातांवर आणखी ओढून घेतला. धुलाईघरात येणाऱ्या कपड्यांच्या गाठोड्यांवर वॉर्डांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात. कुठली चिठ्ठी कुठल्या वॉर्डाची हे ती चिठ्ठीच्या ठेवणीवरून ओळखायची, शेजारणीचं तोंड ओळखावं तशी. पगाराला सही करायची म्हणजे ती सहीचं चित्र काढायची. तिला वाचता येत नाही हे धुलाईघरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, आणि तो मेला त्याला आता बराच काळ लोटला होता.

"बसवा पहिलीत," ती म्हणाली.

वाटेत पोर बराच वेळ मागे मागेच चालली. मग म्हणाली, "आई, मी खोटं नव्हते गं बोलत. मला वाटलं, वाचणं म्हणजे हेच."

"चल पटापट."

"तू पण मान हलवायचीस."

संध्याकाळी दोघी जमिनीवर बसल्या. पोरीने धडा उघडला. आईने चिरलेला तळहात कासवावर ठेवला, बाईंनी ठेवला होता तसाच.

"आता वाच."

पोर ओळीत शिरली. अंधाऱ्या जिन्यावर पायरी चाचपावी तसं बोट सरकलं. "त... ळ..." पुढे काहीच येईना. कपाळावर घाम आला. मग तिने भीत भीत एक शब्द पुरा केला आणि वर पाहिलं.

"बरोबर आहे का गं, आई?"

रोज आई याच ठिकाणी शाब्बास म्हणायची. आज तिने खाली वाकून पाहिलं. काळ्या रेघा होत्या. कुठल्याच वॉर्डाच्या नव्हत्या.

"मला नाही येत गं वाचता," ती म्हणाली.

पोर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच आईचा हात उचलून चित्रावरून बाजूला ठेवला आणि खणखणीत आवाजात पहिल्यापासून धडा म्हणायला लागली. न चुकता, न अडखळता. आजारी माणसाला गोष्ट सांगावी तसा.

सवयीने आईची मान हलू लागली. तिने ती आवरली आणि हात पुन्हा कासवावर ठेवला.

धडा मध्येच तुटला.