मापाऱ्याच्या डोक्यावर ग्लास

"सर, हवेले वजन असते म्हनता, तर मंग आपन चपटे काहून होत नाई?"

निकिता आणि रुचिका या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून धम्मदीपानं दहावीच्या भर वर्गात हे विचारलं. वर्ग फिसकन हसला. देवमन सर तेवढे हसले नाहीत.

"हवा वरूनच नाही, खालून, बाजूनं, आपल्या आतूनही तेवढीच रेटते. परवा पालकसभा आहे. उलट्या ग्लासाचा प्रयोग तूच करून दाखव."

धम्मदीपाला आधी बाबाच आठवले. पालकसभेला बाबा येणार! तिचे बाबा धम्मपाल शेलूबाजारच्या बाजारात धान्य तोलणारे मापारी. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय, सोयाबीनचा दाणा दातानं फोडल्याशिवाय ते कुणाचा शब्द मानत नसत. पोरीचा निकाल मात्र त्यांनी तिला न तपासताच लावला होता : "तू खिदळनारी पोरगी. सायन्स तुह्यं काम नाई. अकरावीले इथंच आर्ट्स घे." आणि धम्मदीपाचा जीव तर मंगरूळपीरच्या सायन्समध्ये अडकलेला.

सभेत तिनं ग्लास काठोकाठ भरला. प्रसेनजितदादाच्या लग्नाची उरलेली पत्रिका आणली होती. बुद्धाचं चित्र असलेलं पान घरी जपून ठेवलं, नुसतं मागचं जाड पान घेतलं.

"डोकं कोन देते?"

कुणी हलेना.

"बाबा, तुमीच या."

इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बाबा ऐटीत खुर्चीवर बसले. "बावीस वर्सं काट्यापाशी उभा हाओ मी. हवेचं वजन कदी दिसलं नाई."

"काट्याच्या वरबी हवा, खालबी हवा. मंग काटा काय दाखवन बिचारा?"

तिनं ग्लासावर पान दाबलं, बाबांच्या डोक्यावर ग्लास झटकन उलटा केला आणि खालचा हात काढून घेतला. एक थेंब पडला नाही. धम्मदीपाची आई सरिता तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

"खालून हवा रेटून राह्यली, बाबा."

"कायची हवा! डिंक लावला असन तुनं," म्हणत बाबांनी सवयीनं वर, पानाच्या कडेत बोट घातलं.

धबाक्!

वर्ग बाकांवर चढून ओरडला. बाबांच्या नाकावरून पाणी निथळत होतं, पण त्यांनी आधी ते पान उचललं. उलटंपालटं केलं, वास घेतला, कोपरा दातानं चावूनही पाहिला.

"डिंक नाई," ते हळूच म्हणाले.

"नाईच." धम्मदीपानं रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. "बाबा, आई, दोघंबी आइका. मी अकरावीले सायन्स घेनार, मंगरूळपीरले. रोज जीपनं जाईन. विचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."