शिट्टी मारणारा गणपती

मेघालीच्या पिशवीत ‘आदर्श पालक’ असं छापलेलं प्रशस्तिपत्र होतं आणि डोक्यात शंका होती. दोन्ही घेऊन ती केळव्याला बळवंतकाकांच्या वाडीत शिरली.

काकांची नात हेतल पावणेदोन वर्षांची. तिला ऐकू येत नाही हे महिन्यापूर्वी कळलं आणि मेघाली काम करायची त्या पालघरच्या केंद्रातून दोन्ही कानांसाठी ऐकायची यंत्रं मिळाली. यंत्र किती वेळ चालू होतं याची नोंद ते यंत्रच ठेवतं. परवा काका एकटेच डबीतून यंत्रं तपासायला घेऊन आले, पोरीला सर्दी हाय म्हणून. संगणकाने दाखवलं, रोजचे तेवीस तास! केंद्रात आजवर एकही मूल सहा तासांवर गेलं नव्हतं. साहेब इतके हरखले की त्यांनी तिथल्या तिथे प्रशस्तिपत्र छापायला टाकलं. एवढंसं पोर तेवीस तास कानात काही ठेवेल का, हे मेघालीच्या मनात आलं होतं, पण साहेबांचा फुललेला चेहरा बघून ती गप्प बसली. त्याचाच तिला आता राग येत होता. या वयात एकेक दिवस बोलणं शिकायचा असतो, आणि गेलेला दिवस परत मिळत नाही.

अंगणात चपलांचा ढीग होता. सुपारीच्या झाडांखाली दहा-बारा माणसं नारळ घेऊन रांगेत उभी होती.

“मागे उभी राहा, बाय,” शेजारची ठमीकाकू म्हणाली. “आमी सकाळपासून हाव.”

“कशासाठी?”

“यांचा गणपती शिट्टी मारतो. तुला नाय म्हाइत?”

मेघाली रांग मोडून आत घुसली. देव्हाऱ्यात लाकडी गणपती होता आणि त्याच्या दोन्ही कानांना लाल दोऱ्याने हेतलची यंत्रं बांधलेली होती. हळदकुंकू वाहिलेलं होतं. आणि खरोखर, बारीक, न थांबणारी शिट्टी येत होती. एक भाविक दणादण घंटा बडवत होता. त्याच्या पायाशी बसलेली हेतल मान न वळवता एका वाटीतल्या सुपाऱ्या दुसऱ्या वाटीत टाकत होती.

“काका, हे काय?”

“शूऽऽ!” बळवंतकाकांनी डोळे वटारले. “देव बोलतो हाय.”

खुलासा हेतलच्या आईने, जागृतीने केला. या घरात नवीन काहीही आधी देवाला लागतं. सुपारीचा पहिला घड, विहिरीवरची नवी मोटर, तारापूरच्या कंपनीतला नवऱ्याचा पहिला पगार, सगळं. “बाबा बोलले, यंत्र पन सव्वा महिना देवाच्या कानाला, मग पोरीच्या. बांधलं आन् शिट्टीच सुरू झाली. मग काढायची कोनाची हिंमत नाय झाली. परवा बाबांनी तपासायला तेवढी नेली, आन् आल्या आल्या परत बांधली. आता दहाच दिवस हायत.”

“दहा मिनिटंही नाहीत!” मेघालीचा पारा चढला. “हा साचा हेतलच्या कानाच्या मापाचा आहे. तो कानात घट्ट बसला नाही की यंत्राचा आवाज यंत्रातच शिरतो आणि शिट्टी वाजते. यात देवाचं काही नाही.”

“देवाचं नाय कसं? मी रोज तासभर त्याच्या कानात सांगतो, माज्या नातीला ऐकू येऊ दे.”

“आणि नातीला काय सांगता?”

काका गोंधळले. “तिला कशाला सांगू? तिला ऐकू नाय येत.”

मग जागृती उठली. महिनाभर सासऱ्यांसमोर मान खाली घालून वावरलेली ती पोरगी देव्हाऱ्यापाशी गेली आणि तिने लाल दोरा दातांनी तोडला.

“जागृती!”

“बाबा, महिनाभर माज्या पोरीशी या घरात कोन बोललंच नाय. मी पन नाय.” ती रडत होती, पण हात थांबले नाहीत.

मेघालीने कुंकू पुसलं आणि साचे हेतलच्या कानात बसवले. शिट्टी बंद पडली.

“देव रुसला,” दारातून ठमीकाकू कुजबुजली आणि तिच्या हातातला नारळ फरशीवर आपटला.

हेतल दचकली. तिने भोकाड पसरलं आणि मध्येच थांबली. हा कुठला आवाज? तिने बारीकसा ‘अँ’ करून पाहिला. थांबली. पुन्हा ‘अँ’ केला, जरा मोठ्याने, आणि आईकडे बघत खुदकन हसली.

रांग चिडीचूप झाली होती. काकांनी वळून पाहिलं. महिनाभर सगळ्यांना दटावणारा तो माणूस ओरडला, “गप काय बसलात? बोला! एकेक जन येऊन बोला तिच्याशी!”

मग रांग पुढे सरकली. ठमीकाकूने हेतलला सुनेच्या सगळ्या कागाळ्या सांगितल्या. एकाने आरती म्हटली, एकाने मांजरीचा आवाज काढला. मेघालीने मुकाट्याने प्रशस्तिपत्राची घडी घालून ते पिशवीच्या तळाशी सारलं.

स्वतःच्याच घरात काका रांगेच्या शेवटी उभे राहिले होते. त्यांची पाळी आली. देवाशी रोज तासभर बोलणाऱ्या माणसाला एक शब्द सुचेना. ते नातीसमोर मांडी घालून बसले, दोनदा खाकरले.

“हेतल,” ते म्हणाले, “मी तुजा आजा.”