शुक्रवारचे चिंचोके

दाराबाहेर पादत्राणांचे सहा जोड होते: चार बूट, दोन सँडल. आत छोट्या गालिच्याभोवती सहा माणसं, वर पत्त्यांचा एक कॅट आणि एकशे ऐंशी चिंचोके. खिडक्या दोन, दोन्ही बंद. दार एकच. कुणाल कुठेही बसला की आधी दारं मोजायचा, आणि 'एक' हा आकडा त्याला कधीच आवडला नव्हता.

शारजात, रोल्ला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये जगन्नाथकाकांचा फ्लॅट होता. काकांचा केटरिंगचा धंदा. गेल्या वर्षाअखेर, म्हणजे सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, त्यांचा अकाउंटंट यतीन लंडनच्या कॅसिनोत पोकर शिकून आला, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी इथे डाव बसायचा. चिंचोका पाच दिरहॅमचा, म्हणजे पंचावन्न रुपयांचा. पैसे खोलीत आणायचेच नाहीत, हिशेब शनिवारी. कुणी आलंच, तर चिंचोके तांदळाच्या डब्यात आणि पत्ते फ्रीजमागे.

कारण हे लंडन नव्हतं; इथे जुगार हा गुन्हा होता. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतून पत्ते खेळणाऱ्या चौघांना पोलिसांनी उचललं होतं. दोघांना भारतात परत पाठवलं, दोघं अजून आतच होते. उम्म अल कुवैनच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या कुणालच्या व्हिसावर त्याच्या बायकोचा, पर्णिकाचाही व्हिसा होता. तिला पाचवा महिना लागला होता. ते चौघे गेल्यापासून दर गुरुवारी तो ठरवायचा, की उद्या जायचं नाही. आणि दर शुक्रवारी यायचा.

त्याला ओढ होती ती त्याच्या पद्धतीची. दहातले आठ डाव तो सोडून द्यायचा. शक्यतो सगळ्यांच्या नंतर बोलायची पाळी असेल तेव्हाच खेळायचा, कारण शेवटी बोलणाऱ्याला आधीच्यांचं सगळं कळलेलं असतं. आणि बोली लावणाऱ्याच्या मानेवरची शीर बघत, घड्याळाच्या काट्यावर पंधरा सेकंद ठोके मोजायचा. हे त्याने घरी पर्णिकाचं मनगट धरून पक्कं केलं होतं. ती खरं बोलली की एकोणीस, खोटं बोलली की चोवीस. क्लिनिकमध्ये नर्स असलेली पर्णिका हसून म्हणायची, "माझंच काम मलाच शिकवतोयस!"

"पॅक," कुणालने पुन्हा पत्ते टाकले.

"अरे, तू खेळायला येतोस की उपास करायला?" जगन्नाथकाका म्हणाले.

"शुक्रवार आहे ना, काका," यतीन म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

हसण्याचं कारण होतं. घरी सांगायला यतीननेच ही थाप शोधली होती: काकांनी मुलीच्या लग्नासाठी संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरलेत, कथेला माणसं हवीत. पर्णिकाने लगेच विश्वास ठेवला. तिच्या आईनेही हे व्रत केलं होतं.

पुढच्या डावात कुणालला दोन राण्या आल्या. मध्ये उघड्या मांडलेल्या पाच पानांत तिसरी निघाली. काकांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि आपला सगळा ढीग पुढे सरकवला. कुणालने नजर त्यांच्या मानेवर ठेवली. सात, आठ, नऊ...

बेल वाजली.

सगळे उठले. मग यतीनने गालिच्याची चार टोकं धरून चिंचोके तांदळाच्या डब्यात ओतले आणि पत्ते फ्रीजमागे सरकवले. कुणाल अनवाणी दाराशी गेला आणि त्याने दाराच्या भिंगातून पाहिलं. वॉचमन खैरुद्दीन, आणि त्याच्या मागे गणवेशातला एक माणूस, खाली वाकून बूट मोजणारा. काका कडीला हात घालत होते. त्याने तो हात घट्ट धरला.

"थांबा. आधी त्यांना बोलू दे," तो कुजबुजला.

"इतना आदमी क्या करता है?" बाहेरून आवाज आला.

"मालूम नहीं साहब. हर जुम्मे को आते हैं," खैरुद्दीन म्हणाला.

तेवढ्यात लिफ्टचं दार सरकलं. बाहेर पर्णिका होती, हातात स्टीलचा डबा.

"मदाम, इधर क्या है?"

"पूजा है. मेरे हसबंड अंदर हैं." तिच्या आवाजात जराही थरथर नव्हती. ती खरंच बोलत होती. तिने डबा उघडला. "गूळ-फुटाणे. प्रसाद है. लीजिए ना."

फुटाणा चावल्याचा आवाज आला.

"हिलू," म्हणजे गोड आहे, असं म्हणत तो गणवेशातला माणूस वळला. "खलास. जूता अंदर रखो."

लिफ्ट खाली गेली. काकांनी दार उघडलं.

पर्णिका आत आली. ना तसबीर, ना समई, ना उदबत्तीचा वास. सहा पुरुष रिकाम्या गालिच्याभोवती उभे.

"कथा... आत्ताच झाली, पोरी," काका म्हणाले. "ये, बस."

ती बसायला वाकली आणि तशीच थांबली. गालिच्याच्या कडेला एक चिंचोका राहिला होता. तिने तो उचलला.

"काका, शुक्रवारी या घरात चिंच?" ती म्हणाली. "आंबट नुसतं शिवलं तरी व्रत मोडतं. आई तर लिंबूसुद्धा शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यायची."

यतीनने छताकडे पाहिलं.

पर्णिकाने कुणालचा हात धरून त्याला शेजारी बसवलं, दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि आपलं घड्याळ वर केलं.

"सांग. दर शुक्रवारी कथाच होती?"

कुणालने बंद दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला.

काटा बारावरून तीनवर आला. चौतीस ठोके.