वाऱ्यावाचून अकरा फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना ऑइल कूलर आहे. तुम्ही पंख्याखाली तासन् तास स्वस्थ बसू शकता, मला ते जमत नाही. मला धावती गाडी लागते आणि समोरून वारा लागतो. सध्या मी गॅरेजच्या फळीवर रंगाचे डबे आणि तडकलेला आरसा यांच्यामध्ये उभा आहे, आणि हे उभे राहणे मला खायला उठते. म्हणून बोलतो आहे.

माझे काम काय, असे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. शर्यतीच्या गाडीत सगळे इंजिनाचे कौतुक करतात, पण गिअरबॉक्सही तितकाच पोळतो. एका फेरीत तीस-तीस वेळा गिअर बदलतात, दात्यांवर दाते घासतात आणि त्यांच्यामधले तेल तापते. फार तापले की ते पाण्यासारखे पातळ होते, दात्यांवर टिकत नाही, आणि मग दातेच एकमेकांना खातात. एक छोटा पंप ते तापलेले तेल माझ्याकडे पाठवतो. माझ्या अंगात चपट्या नळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची बारीक जाळी. जाळीतून वारा गेला की तेल निवते आणि परत कामाला लागते. वारा नसेल, तर मी नुसता पत्रा.

कारखान्यात मला हवा भरून पाण्यात बुडवले, तेव्हा माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही. त्याचा मला अजून अभिमान आहे. तिथून मी दोन बहिणींच्या गॅरेजमध्ये आलो. थोरली गाडी चालवायची, धाकटी गाडी बांधायची. आठ महिने खपून धाकटीने गिअरबॉक्स जुळवला होता आणि त्याच्या रक्षणासाठी मला मागच्या चाकापुढच्या झरोक्याआड बसवले. तिचा एक शिरस्ता होता. गाडी मैदानात जाण्याआधी शेवटचा हात तिचा. टायर, नळ्या, मग माझ्या जाळीवर तळवा. त्यानंतर गाडीला कुणी बोट लावायचे नाही. थोरली चिडवायची की हिला गाडीचे नाकसुद्धा पुसून द्यायचे असते. पण मानायची.

चार वर्षे आम्ही पळालो. कपाटात चषक आले, थोरलीचे फोटो छापून आले. माझे नाव कुठे आले नाही. पण वारा भरपूर होता, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

मग एका मोठ्या टीमचे मॅनेजर आले. पुढच्या वीस फेऱ्यांच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलीस तर पुढच्या वर्षी आमची गाडी तुझी, असे ते थोरलीला म्हणाले. ती चौतीस वर्षांची होती. असे दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होते.

शर्यतीच्या सकाळी हवा गार होती. फार थंड तेलही बरे नसते, म्हणून सरावाच्या तीन फेऱ्यांपुरती धाकटीने माझ्या झरोक्यावर काळी टेप लावली. झरोका बुजल्यामुळे गाडी वाऱ्याला कमी अडली आणि सरळ पट्ट्यावर किंचित जास्त पळाली. थोरलीने घड्याळ पाहिले आणि तिच्या मनाने घेतले. दुपारी धाकटीने टेप काढली, माझ्यावर तळवा फिरवला आणि रेडिओ लावायला गेली. तेवढ्यात थोरली वाकली, इकडेतिकडे पाहिले आणि माझे तोंड पुन्हा बंद केले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

पाचव्या फेरीत आम्ही तिसरे होतो. आठव्या फेरीत माझ्यात येणारे तेल जसे येत होते तसेच कढत परत जात होते. जाळी रिकामी, वारा बाहेरच्या बाहेर, आणि मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. धाकटीच्या पडद्यावर तेलाच्या तापमानाचा आकडा चढत गेला. तिने स्वतःलाच धारेवर धरले. पंप मीच बसवला, माझाच हात चुकला, असे ती रेडिओवर परत परत म्हणत राहिली. थोरली दोन फेऱ्या गप्प राहिली. त्या दोन फेऱ्या मला उरलेल्या सगळ्या आयुष्यापेक्षा लांब वाटल्या.

अकराव्या फेरीत ती बोलली. "पंप चांगला आहे. टेप मी लावली."

धाकटी "आत ये," एवढेच म्हणाली.

गाडी थांबताच तिने उघड्या हाताने टेप ओढली. तिची दोन बोटे भाजली, तरी तिने माझी पूर्ण जाळी मोकळी केली आणि थोरलीला जायची खूण केली. पहिली फेरी सावकाश, मग पळव, असे सांगितले. गिअरबॉक्स वाचला. थोरली नववी आली. मोठ्या टीमची गाडी दुसऱ्या कुणाला मिळाली.

संध्याकाळी धाकटी बादलीत बोटे बुडवून बसली होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शिव्या तरी दे."

"कशाला? तू विचारलं असतंस ना, तर अर्धा झरोका मीच झाकून दिला असता. अर्ध्यावर तेल टिकतं. मी सकाळीच आकडे काढून ठेवले होते."

महिन्याभरात धाकटीने दुसरीकडे नोकरी धरली. गाडीवर कापड पडले, मी सुटून फळीवर आलो. दोन वर्षांत माझ्या जाळीत धूळ बसली, एका कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटला. बाहेर एखादी गाडी गेली की माझा जीव नुसता वरखाली होतो.

काल थोरलीने मला खाली उतरवले. पाण्याचा पाइप हातात घेतला, तोटीला हात घातला आणि थबकली. पाणी जोरात लागले असते तर माझी जाळी दुमडली असती. तिने पाइप खाली ठेवला आणि फोन लावला.

"अगं, कूलर धुवायचाय. पाणी जोरात मारू का हळू?"

पलीकडून धाकटी म्हणाली, "हळू. मागच्या बाजूनं. राहू दे, मीच येते."

थोरलीने मला परत फळीवर ठेवले, आणि तेव्हापासून मला जराही चैन नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी मुकाट्याने ताप सोसत असेल, म्हणूनच बाकीच्यांचे सुरळीत चालले असेल. त्याचे कौतुक नंतर करा. आधी त्याला विचारा. थोरलीला तो एक प्रश्न विचारायला दोन वर्षे लागली. तुम्ही इतका वेळ लावू नका.