बदलता न येणारा दिवा

"आन ह्यातला बल्ब गेला, तर बदलायचा कसा?" गणपती कांबळेनं फोनवर ओरडूनच विचारलं. अमेरिका लांब, तेव्हा आवाजही तेवढाच जोरात फेकावा लागतो, अशी त्याची ठाम समजूत होती.

"आबा, त्यो बदलता येत न्हाय. आतच बसवलेला असतोय," पलीकडून त्याची लेक संघप्रिया म्हणाली.

"मग गेला की वस्तू भंगारात?"

"जात न्हाय वो! पंधरा-वीस वर्सं बघाय नको. तुमी नुसतं वाचा."

गणपती हसला. बत्तीस वर्षं महापालिकेच्या दिवाबत्ती खात्यात शिडी खांद्यावर टाकून कोल्हापूरच्या गल्ल्या पालथ्या घातलेल्या माणसाला न जाणारा दिवा सांगायचा, म्हणजे थट्टाच की. बल्ब बसवताना तो पितळी टोपीवर खिळ्यानं तारीख कोरायचा. खात्याचा तसा काही नियम नव्हता, ही त्याचीच खोड. बल्ब गेला की उतरवून तारीख वाचायची आणि मान हलवायची, "सात म्हैनं. बरा जगला."

ते पुस्तकं वाचायचं वहीएवढं यंत्र संघप्रियाच्या मैत्रिणीनं २००९च्या जानेवारीत गडमुडशिंगीच्या घरी आणून दिलं. आत पन्नास पुस्तकं. कडेचं बटण सरकवलं की पानावर चारी बाजूंनी उजेड पडायचा. काचबिंदूनं गणपतीचा एक डोळा आधीच नेला होता, दुसरा अर्धामुर्धा शिल्लक होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "थेंब चुकवू नका. आणि आहे तोवर चांगल्या उजेडात हवं ते वाचून घ्या."

थेंब त्यानं एकदाही चुकवले नाहीत. उजेडाचं मात्र त्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं! यंत्राच्या पाठीवर त्यानं चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि वाचनाला उंबऱ्यात ऊन असेल तेवढाच वेळ ठरवून टाकला. ऊन उतरलं, अक्षरं पुसट झाली, की यंत्र बंद.

"अवं, लावा की त्यो दिवा," आक्काताई म्हणायची. "पोरीनं कशापायी धाडलाय?"

"जळून संपला तर तू देनार हाईस दुसरा? पुढं लागनार हाय मला."

पुढं म्हणजे कशाला, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. यंत्रात सगळ्यांत शेवटी संघप्रियानं स्वतः टाईप केलेली चाळीस पानं होती. मोठ्या अक्षरात, बापावर लिहिलेली. "आबा, ते आधी वाचा," ती फोनवर दोनदा म्हणाली होती. पण गणपतीबद्दल जगात आजवर लिहिलं गेलं होतं ते हजेरीपटावरचं नाव आणि कामात कसूर केल्याचे दोन मेमो. चाळीस पानं म्हणजे केवढी गोष्ट! ती अशी घाईनं वाचून संपवायची त्याला हिंमत होईना. डोळा आणखी मंदावेल तेव्हा हा दिवा लावायचा आणि सावकाश वाचायचं, असं त्यानं ठरवलं. बल्ब जेवढा लावाल तेवढाच जळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डोळा न वापरताही जळत राहतो, हे त्याच्या धंद्यानं त्याला शिकवलं नव्हतं.

पावसाळ्यात उंबऱ्यात ऊन पडलंच नाही. ऑक्टोबरात एका सकाळी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना, दुपारी भिंतही दिसेना. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि शेवटी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरीला सांगू नगंस," त्यानं आक्काताईला दम भरला. "काम सोडून पळत यील."

रविवारी फोन आला. "आबा, वाचलंसा का माझं? धा म्हैनं झालं, इचारतीया."

"वाचलं की."

"शिडीचं खरं लिवलंय न्हवं?"

"अगदी खरं हाय," गणपती म्हणाला. पलीकडे पोर आनंदानं रडायला लागली. आता तूच वाचून दाखव, असं तिला म्हणायची वाटही त्या एका थापेनं बंद झाली. त्याला स्वतःची मनस्वी चीड आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आक्काताईला ट्रंकेतून यंत्र काढायला लावलं. पोरीची ती पानं कशी काढायची ते तोंडी सांगितलं. "आता कडंचं बटन सरकव," म्हणत त्यानं काचेवर अंगठा टेकवला. काच गार होती. पेटलेल्या बल्बांनी जन्मभर त्याची बोटं भाजली होती.

"गेला बघ!" तो म्हणाला. आवाजात चक्क आनंद होता. "म्हनलं न्हवतं? आत बसवलेला टिकत न्हाय. वाचाय बसलो असतो तरी मधीच गेला असता."

"कुठला गेला? लख्ख पडलाय की."

"खरं सांग."

"तुमची आन. ही भलीमोठी अक्षरं हायत. आन वर शिडी काढलीया पोरीनं, शिडीवर मानूस हाय." आक्काताईला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती म्हणाली, "शेजारच्या गुंडूला हाक मारू? वाचून दावंल त्यो."

"नगं. माझ्यावरचं हाय ते."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"बंद कर मग," गणपती म्हणाला. "उगं जळाय नको."

त्याचा अंगठा काचेवर तसाच होता. काच मघाशी गार होती, आताही गारच होती.

"केलास का बंद?"

"केला की कवाच," आक्काताई म्हणाली.