निळ्या फ्रेमला शोभणारा टायर

मी टायर बोलतोय. ट्रकचा नाही, ट्रॅक्टरचाही नाही. शर्यतीच्या सायकलचा, दीड बोट रुंदीचा, बदामी कडांचा टायर. देखणा आहे मी. आणि खरं सांगायचं तर तेवढाच आहे.

माझ्या अंगातलं सूत बारीक, वरचं रबर पातळ. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काचेसारखा रस्ता असावा. जळगावात तो कुठे आहे, ते मला अजून कळलेलं नाही. इथे कडेला बाभळी आहेत, आणि बाभळीला माझ्या रंगाचं काही कौतुक नाही.

भाईदासभाऊंच्या सायकलच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. शेजारी एक काळा, जाड टायर होता, काट्यांसाठी आत पट्टी घातलेला. एक दिवस राकेश आणि वृषाली हे जोडपं आलं. त्याचं टाइल्सचं दुकान, ती शाळेत भूगोल शिकवते. सायकल तिची, वाढदिवसाला त्याने दिलेली. आणि दिलेल्या वस्तूबद्दल शेवटचा शब्द देणाऱ्याचाच, अशी त्याची समजूत.

"भाऊ, मला जळगाव-धुळे-जळगाव करायचंय," वृषाली म्हणाली. "दोनशे किलोमीटर. काट्यांना कोणता टिकेल?"

"ताई, काळा घ्या. थोडा जड जाईल, पण दगा देणार नाही. हा बदामी झकास पळतो, पण याची कड नाजूक आहे."

राकेशने मला खाली काढलं, सायकलच्या निळ्या फ्रेमला लावलं, मान तिरकी करून पाहिलं. न्हाणीघरासाठी फरशी निवडावी तसं. "काळा लावला तर म्हैस दिसेल सायकल," तो म्हणाला. "हाच द्या. जोडी."

वृषालीने काळ्या टायरवरून एकदा हात फिरवला. माझा जुळा पुढच्या चाकावर चढला, मी मागच्या.

राकेशची रविवारची मित्रमंडळी मी तिथून पुढे बरीच पाहिली. आठ-दहा किलोमीटर जायचं, पोहे खायचे, तासभर फोटो काढायचे. हवा कुणी तपासत नाही, रंग सगळे तपासतात. त्यांच्यात राकेश एकदा हसत म्हणाला, "ही धुळ्यापर्यंत पोचली तरी खूप. मी गाडी घेऊन मागे असणारच आहे."

वृषाली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं, आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

त्यानंतर ती रोज पहाटे एकटीच निघायची, एरंडोलला जाऊन शाळेच्या आधी परतायची. घरी आली की चिमट्याने माझ्यातले काटे काढायची. तिच्यासाठी तरी आपण काळे आणि जाड असायला हवं होतं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

फेब्रुवारीत ती राइड आली. सकाळी सहाला सुरुवात, साडेतेरा तासांची मुदत. रस्त्यात दुकानातून काही घ्यायला हरकत नव्हती, पण मागच्या गाडीतून मदत घेतली किंवा गाडीत बसलं, की संपलं.

जाताना मी एकदा पंक्चर झालो. तिने दहा मिनिटांत ट्यूब बदलली. धुळ्याला वेळेत पोचली, केळी खाल्ली, वळली. परतताना पारोळ्याच्या अलीकडे एका पत्र्याने माझी देखणी कड दोन बोटं फाडली. फटकन ट्यूब बाहेर आली आणि फुटली.

राकेशची गाडी आली. काच अर्धी खाली झाली, आतला एसी चालूच.

"चल, बस. प्रयत्न केलास ना? पुरे झालं."

"अहो, टायर तुम्ही निवडला होता," ती म्हणाली. आवाज शांत होता. "आता काच वर घ्या आणि पुढे जा."

तो दुखावला. चूक कळली म्हणून नव्हे, बोलणं ऐकावं लागलं म्हणून. निघून गेला.

दोन किलोमीटर ती मला ढकलत चालली. पुढे लताबाईंचं पंक्चरचं दुकान लागलं. तिथे सगळे ट्रॅक्टरचे टायर. लताबाईंनी मला दोन बोटांत धरलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाऊ टायर शे का पापड? कोनी लई दिधा तुले?"

"नवऱ्याने."

"देखाले गोरा शे, पन कामना नई. मंग त्यालेच बसाड यावर!"

वृषाली इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लताबाईंनी जुन्या टायरचा तुकडा कापून माझ्या फाटलेल्या जागी आतून चिकटवला, वृषालीची शेवटची ट्यूब बसवली. "हवा कमी भर. आनि खड्डा देखीसन चालाड."

चाकाच्या दर फेऱ्याला मी एकदा ठेचकाळत होतो. ती मात्र थांबली नाही. जळगावात पोचली तेव्हा सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. मुदत साडेसातची.

राकेश तिथे हजर होता, केस विंचरून. फोटोत तिच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. तिच्या हाताला अजून टायरचं काळं होतं. फोटो सगळ्यांना पाठवताना त्याने खाली लिहिलं, 'आमची पहिली दोनशे.'

दुसऱ्या दिवशी वृषाली एकटी भाईदासभाऊंकडे गेली आणि काळी जोडी घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. जुळ्याचं काय झालं, मला ठाऊक नाही. मला राकेशने उचललं, पुसलं, आणि आपल्या दुकानात टाइल्सच्या नमुन्यांमध्ये टांगलं. फाटकी बाजू भिंतीकडे.

आता गिऱ्हाईक आलं की तो माझ्याकडे बोट करतो. "याच टायरवर आम्ही धुळे करून आलो." लोक माना डोलावतात. एरंडोलचा चढसुद्धा सांगतो तो, गाडीच्या काचेतून पाहिलेला.

फाटलो त्याची मला लाज नाही. या भिंतीवर असण्याची आहे. रावेरला केळीच्या गाडीत घड बांधायला मला कापून पट्टी केली, तरी मी आनंदाने जाईन. मला इथून काढणं तुमच्याने होणार नसेल, तर एक करा. कधी फरशी बघायला या दुकानात आलात आणि तो "आम्ही" म्हणाला, तर साधेपणाने विचारा, "आम्ही म्हणजे कोण कोण?"

मला त्याचं तोंड बघायचं आहे.